क्रियापदातील दोन पुरुष : कोनौ यांच्या उपपत्तीची मराठी आख्यातावरून परीक्षा

१

हिमालयाच्या दक्षिण उतारावर बोलल्या जाणाऱ्या कित्येक लहान भाषांत क्रियापद केवळ कर्त्याला अनुसरत नाही. कर्माचा पुरुषही त्याच रूपात व्यक्त होतो. 'मी तुला मारतो', 'तू मला मारतोस', 'तो मला मारतो' या वाक्यांतील सर्वनामे गाळली, तरी कोणी कोणाला मारले याचा उलगडा एकट्या क्रियापदावरून होतो. ब्रायन हॉजसन यांनी नेपाळातील वायू आणि बाहिङ या भाषांच्या क्रियारूपांचे वर्णन १८५० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केले व या वर्गाला 'सर्वनामयुक्त भाषा' असे नाव दिले. तेव्हापासून भाषाशास्त्रात एक प्रश्न उभा राहिला आहे. चिनी, ब्रह्मी आणि लिखित तिबेटी या चिनी-तिबेटी कुलातील ज्ञात भाषांत क्रियापदावर पुरुषाची अशी खूण नाही. मग त्याच कुलातील या डोंगरी भाषांत ती आली कोठून?

या प्रश्नाचे सर्वांत प्रभावी उत्तर स्टेन कोनौ यांनी दिले. ग्रियर्सन यांच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया' या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडाच्या पहिल्या भागात (१९०९) त्यांनी असे प्रतिपादन केले की, हिमालयात पूर्वी मुंडा कुलातील किंवा तत्सम भाषा बोलणारे लोक असावेत. तिबेटी-ब्रह्मी भाषा त्यांच्यावर पसरल्या, आणि जुन्या भाषेची वळणे नव्या भाषेत टिकून राहिली. ही उपपत्ती पुढे पाठ्यग्रंथांत सिद्धवत मानली गेली. प्रस्तुत लेखाचा हेतू तिची परीक्षा करणे हा आहे. त्यासाठी आधार घेतला आहे तो मराठीच्या भूतकाळी आख्याताचा, आणि विशेषतः जालना जिल्ह्याच्या भोवतालच्या बोलींत त्याची जी भिन्न रूपे कानी येतात त्यांचा. दूरच्या भाषेचा निवाडा घरच्या भाषेवरून करणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पण मराठीत ही घटना डोळ्यांसमोर घडलेली असून तिचा इतिहास लिखित पुराव्याने जोखता येतो. हिमालयातील बहुतेक भाषांना तशी लिखित परंपरा नाही.

२

प्रथम कोनौ यांच्या मताला न्याय दिला पाहिजे. मुंडा भाषेतून प्रत्यय उचलले गेले, असे त्यांचे म्हणणे नाही. प्रत्यय तिबेटी-ब्रह्मी सर्वनामांचेच आहेत. ते क्रियापदाला जोडण्याचे तत्त्व तेवढे परके आहे, असा त्यांचा आशय आहे. या तत्त्वाच्या जोडीला त्यांनी आणखी काही लक्षणे पुढे केली : विसाच्या पटीने मोजणे, द्विवचन, आणि 'आम्ही' व 'आपण' असा प्रथमपुरुषी अनेकवचनातील भेद. ही सर्व लक्षणे मुंडा भाषांत आढळतात. संताळीत 'मी त्याला पाहिले' हा अर्थ 'ञेल-केद्-ए-आ-ञ' या एका क्रियापदाने व्यक्त होतो; त्यातील 'ए' म्हणजे 'त्याला' आणि शेवटचा 'ञ' म्हणजे 'मी'. हिमालयातील रूपांशी याचे साम्य उघड आहे.

तथापि साम्य उघड असणे ही एक गोष्ट झाली आणि ते परंपरेने वा संसर्गाने सिद्ध होणे ही दुसरी. कोनौ यांच्या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे : कर्ता व कर्म या दोहोंचा क्रियापदात निर्देश होणे ही इतकी असाधारण रचना आहे की, ती एखाद्या भाषेत आपोआप उद्भवणार नाही, ती असेल तेथे बाहेरचा धनी शोधलाच पाहिजे. हे गृहीत टिकते का, हाच कळीचा मुद्दा आहे.

३

मराठी व्याकरणाच्या विद्यार्थ्याला 'कर्तृकर्मसंकर' ही संज्ञा अपरिचित नाही. 'त्याने भाकरी खाल्ली' हा शुद्ध कर्मणी प्रयोग. क्रियापद भाकरीच्या लिंगवचनाला अनुसरते, कर्त्याशी त्याचा संबंध नाही. परंतु 'तू भाकरी खाल्लीस' या वाक्यात 'खाल्ली' एवढा भाग भाकरीला अनुसरतो आणि अखेरचा 'स' हा 'तू' या कर्त्याला. 'तू भाकरी खाल्लीस', 'तू आंबा खाल्लास', 'तू आंबे खाल्लेस' या मालेत मधला स्वर कर्माप्रमाणे पालटतो, 'स' मात्र अढळ राहतो. 'तुम्ही भाकरी खाल्लीत' येथे कर्ता अनेकवचनी होताच 'स'च्या जागी 'त' येतो. म्हणजे एकाच रूपात दोन वेगवेगळ्या पदांशी सुसंवाद साधला जातो. कर्माचा निर्देश येथे पुरुषाने नव्हे, लिंगवचनाने होतो, हा हिमालयातील भाषांहून असलेला भेद महत्त्वाचा आहे. पण तत्त्व तेच : एक क्रियापद, दोन निर्देश.

ही रचना मराठीत आली कशी? 'खाल्ली' हे मूळचे कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित. विशेषणाप्रमाणे त्याला लिंग व वचन आहे, पुरुष नाही. 'स' हा द्वितीयपुरुषाचा जुना प्रत्यय असून त्याचे मूळ संस्कृत 'सि' या प्रत्ययात आहे. जुन्या मराठीतील 'करिसी' या रूपात तो आपल्या स्वाभाविक जागी दिसतो; 'करतोस', 'आलास' या रूपांत तो धातुसाधितांना चिकटला; आणि तेथून सकर्मक क्रियापदाच्या कर्मणी रूपापर्यंत पोचला. 'आलास'मधील 'स' थेट जुन्या आख्यातावरून आला की 'असणे' या सहायकाच्या रूपातून, हा वाद येथे बाजूला ठेवता येईल, कारण दोन्ही पक्षी द्रव्य घरचेच ठरते. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या जडणघडणीवरील ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला, व वा. गो. परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद १९४१ पासून उपलब्ध आहे. आख्याताच्या या स्थित्यंतराचा विचार त्याच्या आधाराने सहज करता येतो.

यावरून निघणारा पहिला निष्कर्ष असा : दोन पदांचा निर्देश करणारे क्रियापद परक्या भाषेचा टेकू न घेताही घडू शकते. मराठीतील 'स' मुंडा भाषेतून आला असे कोणी म्हटलेले नाही, आणि म्हणण्यास आधारही नाही. सिंधी व काश्मिरी या आर्यभाषांत तर कर्ता आणि कर्म या दोहोंचे सार्वनामिक प्रत्यय क्रियापदाला लागतात, आणि मुंडा भाषांचा प्रदेश तेथून फार दूर आहे. कोनौ यांचे दडलेले गृहीत अशा रीतीने ढासळते.

४

याला कोनौ यांच्या बाजूने एक उत्तर संभवते. रचना आपोआप घडू शकते हे मान्य केले, तरी संसर्गाने ती घडूच शकत नाही असे ठरत नाही. हे खरे आहे. म्हणून संसर्गाने घडलेल्या पालटाची लक्षणे कोणती, हे पाहिले पाहिजे. येथे जालना जिल्ह्याचे स्थान अभ्यासकाला उपकारक ठरते. १ मे १९८१ रोजी निर्माण झालेला हा जिल्हा मराठवाड्याच्या उत्तर भागात असून त्याच्या पूर्वेस वऱ्हाडातील बुलढाणा व मराठवाड्यातील परभणी, दक्षिणेस बीड, आणि पश्चिमेस पूर्वी औरंगाबाद या नावाने ओळखला जाणारा छत्रपती संभाजीनगर जिल्हा आहे. चालू क्रिया सांगताना या पट्ट्यात 'काय करू राहिला?' असा प्रयोग ऐकू येतो. परभणी-नांदेडकडे सरकल्यावर 'काय करायलास?' अशी रूपे भेटतात. भूतकाळी सकर्मक क्रियापदाच्या बाबतीत तर या परिसराच्या भोवती तीन निरनिराळ्या व्यवस्था नांदतात.

ग्रांथिक मराठीत पुरुष कर्त्याला उद्देशून 'तू भाकरी खाल्लीस' असे म्हटले जाते; येथे कर्ता व कर्म दोन्ही व्यक्त आहेत. वऱ्हाडाकडे व मराठवाड्याच्या पुष्कळ भागात बोलताना 'तू भाकरी खाल्ली', 'तू काय केलं?' असे 'स'विरहित रूप सर्रास येते. येथे केवळ कर्म व्यक्त आहे. नांदेड, लातूर, सोलापूर या जिल्ह्यांत, विशेषतः कानडी-तेलुगूच्या सीमेकडे, 'तू भाकरी खाल्लास', 'मी भाकरी खाल्लो' असे प्रयोग आढळतात; येथे क्रियापदाने कर्माची साथ सोडून केवळ कर्त्याचा हात धरला आहे. एकाच भाषेत, काही शे किलोमीटरांच्या अंतरात, सुसंवादाचे तिन्ही प्रकार मिळावेत ही सामान्य गोष्ट नव्हे.

यांपैकी तिसऱ्या प्रकाराची उपपत्ती संसर्गाने लावणे सयुक्तिक आहे. कानडी आणि तेलुगू या दोन्ही भाषांत क्रियापद सर्व काळांत कर्त्यालाच अनुसरते. त्या प्रदेशातील दखनीतही 'मैं रोटी खाया' असा प्रयोग होतो. द्विभाषिक बोलणाऱ्याने तेच वळण मराठीत आणले. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, या संसर्गाने मराठीत एकही नवा प्रत्यय आला नाही. 'लो', 'लास' ही 'आलो', 'आलास' यांतील घरचीच रूपे नव्या जागी बसली. दुसरी, हा पालट भूगोलाशी बांधलेला आहे : सीमेजवळ तो दाट आहे, आणि सीमेपासून दूर जावे तसतसा विरळ होत खानदेशापर्यंत पोचत नाही. तत्त्वाचा संसर्ग झाला, तर तो आपल्या उगमाकडे बोट दाखवतो. कोनौ यांच्या उपपत्तीला लावावयाची कसोटी हीच होय.

५

या कसोटीवर हिमालयाचा पुरावा उतरत नाही. मुंडा संसर्ग हे कारण असते, तर मुंडा प्रदेशापासून दूर जाताना क्रियापदातील पुरुषनिर्देश क्षीण व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात चीनच्या सिच्वान प्रांतातील ग्यालरोंग भाषांत आणि युन्नान प्रांतातील दुलोंग भाषेत तो जोमाने आहे. ग्यालरोंग भाषांत तर कर्ता व कर्म यांच्या पुरुषांचा परस्परसंबंध दाखविणारी अत्यंत गुंतागुंतीची व्यवस्था आहे. या प्रदेशात मुंडा लोकांची वस्ती असल्याचा कोणताही पुरावा नाही. उलट, पूर्व नेपाळातील सपाटीवर संताळी बोलणारे लोक आजही आहेत. पण त्यांच्या शेजारची सर्वनामयुक्त भाषा त्यांच्यामुळे तशी झाली, असे दाखविणारी पायरीपायरीची रूपे कोणी पुढे ठेवलेली नाहीत.

मुंडा पक्षही वाटतो तितका एकसंध नाही. महाराष्ट्राला सर्वांत जवळची मुंडा भाषा म्हणजे मेळघाटातील व त्यालगतच्या सातपुड्यातील कोरकू. जॉन ड्रेक यांचे तिचे व्याकरण १९०३ मध्ये, आणि के. एस. नागराज यांचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. नॉर्मन झाइड यांनी तिच्यावर प्रदीर्घ काम केले. या भाषेच्या सामान्य सकर्मक वाक्यात सजीव कर्माचा निर्देश क्रियापदात होतो. कर्त्याच्या पुरुषाचा होत नाही. संताळीत दोन्ही, कोरकूत केवळ कर्म. जी रचना खुद्द मुंडा कुलात सर्वत्र सारखी नाही, ती दुसऱ्या कुलाला देणारा 'मूळ धनी' म्हणून त्या कुलाकडे बोट दाखविणे धोक्याचे आहे. मुंडाचे दूरचे भाऊबंद म्हणून मानल्या गेलेल्या ख्मेर व व्हिएतनामी या भाषांत क्रियापदाला पुरुषाचे प्रत्यय लागत नाहीत. म्हणजे जो प्रश्न चिनी-तिबेटीविषयी विचारला गेला तोच मुंडाविषयीही विचारता येतो, आणि एका अज्ञाताचा उलगडा दुसऱ्या अज्ञाताने केल्याचा दोष कोनौ यांच्या उपपत्तीला लागतो.

६

कोनौ यांचे मत बाजूला सारल्यावर वाद मिटत नाही. तो खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो. जेम्स बाउमन यांनी १९७५ च्या प्रबंधात हा पुरुषनिर्देश मूळ तिबेटी-ब्रह्मी भाषेतलाच आहे, असे मत मांडले. स्कॉट डीलान्सी (१९८९) व जॉर्ज व्हॅन ड्रीम (१९९३) यांनी त्या मूळ व्यवस्थेची पुनर्रचना करण्याचा यत्न केला. रँडी लापोला यांनी १९९२ मध्ये त्याविरुद्ध असे प्रतिपादिले की, स्वतंत्र सर्वनामे क्रियापदाला चिकटून निरनिराळ्या शाखांत ही रचना पुनःपुन्हा नव्याने बनली असावी. प्रथमपुरुषाचा 'ङ' हा ध्वनी लिंबूत, दुलोंगमध्ये व ग्यालरोंगच्या काही भाषांत क्रियापदावर येतो, हे पहिल्या पक्षाचे बळ. पण तिबेटीत 'मी' या अर्थाचे सर्वनामच 'ङ' आहे. तेव्हा तो प्रत्यय केव्हाही, कोठेही नव्याने बनू शकतो, हे दुसऱ्याचे उत्तर.

मराठीचा 'स' या वादात दोन्ही पक्षांना सावध करतो. त्याचे द्रव्य अतिप्राचीन आहे; संस्कृत 'सि'च्या मागे जाऊन ग्रीक व लॅटिन या भाषांतील द्वितीयपुरुषाशी त्याचे नाते जोडता येते. पण 'खाल्लीस' या रूपातील त्याची जागा अर्वाचीन आहे; संस्कृतात असा प्रयोग नव्हता. एखाद्या भावी अभ्यासकाजवळ संस्कृत व जुनी मराठी यांचा पुरावा नसता आणि केवळ आजच्या बोली असत्या, तर 'स' सर्वत्र सापडतो एवढ्यावरून त्याने 'कर्तृकर्मसंकर ही आर्यभाषांची मूळ व्यवस्था' असा निर्वाळा दिला असता. तो निर्वाळा चुकीचा ठरला असता. त्याच्या प्रतिपक्षाने 'तू भाकरी खाल्ली' या रूपावरून 'स' हा प्रत्ययच उपरा आहे असे म्हटले असते, तर तेही तितकेच चुकीचे ठरले असते. द्रव्याचे वय आणि रचनेचे वय या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरीचे अनुमान करता येत नाही.

मग रचनेचे प्राचीनत्व कशावरून सिद्ध व्हावे? दोन शाखांना समान असलेल्या अनियमिततेवरून. सुटसुटीत, पारदर्शक प्रत्यय दोन ठिकाणी स्वतंत्रपणे जुळून येऊ शकतो. विशिष्ट पुरुषांच्या जोडीतच धातूचे अंग पालटणे, किंवा दोन पुरुषांचा मिळून एकच अविभाज्य प्रत्यय येणे, असल्या आडवळणी गोष्टी दोन ठिकाणी योगायोगाने जुळणे दुरापास्त. लिंबूत 'मी तुला' या जोडीसाठी 'ने' असा एकच प्रत्यय येतो. त्यात 'मी' व 'तू' वेगळे काढता येत नाहीत. गियोम झाक यांनी २०१२ मध्ये ग्यालरोंग व किरांती या दूरस्थ शाखांतील रूपावल्यांची तुलना केली ती याच भूमिकेवरून, आणि तिच्यामुळे प्राचीनत्वाच्या पक्षाचे पारडे आज जड झाले आहे असे म्हणावे लागते. वादाचा निकाल प्रत्ययांच्या यादीने लागणार नाही. रूपावल्यांच्या तपशिलाने लागेल.

७

येथेच आधारसामग्रीचा प्रश्न निकराचा होतो. कोनौ यांच्यापुढे असलेली सामग्री बव्हंशी सर्वेक्षणाच्या ठरावीक साच्यातून आलेली होती : उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर, दुसरा एखादा उतारा, आणि २४१ शब्द व वाक्ये यांची यादी. त्या यादीत 'मारणे' या क्रियापदाची रूपे आहेत; पण ती 'मी मारतो, तू मारतोस, तो मारतो' अशी, कर्माचा पुरुष न सांगता. 'मी तुला', 'तू मला' या जोड्या दृष्टांतातील थोरल्या मुलाच्या तक्रारीत ओझरत्या येतात, तेवढ्याच. लिंबूसारख्या भाषेत एकवचन, द्विवचन, अनेकवचन आणि 'आम्ही-आपण' हा भेद धरून अकरा पुरुषवचने होतात, आणि परस्परव्याप्त जोड्या वगळल्या तरी कर्ता व कर्म यांच्या ७५ जोड्या संभवतात. त्यांतील पुष्कळांना एकच रूप असते. पण कोणत्या जोड्यांना समान रूप आहे हीच तर माहिती हवी असते. व्हॅन ड्रीम यांच्या १९८७ च्या लिंबू व्याकरणासारखे ग्रंथ निघाल्यावरच या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार शक्य झाला.

अल्प सामग्रीवरून मोठा इतिहास रचण्याची ही रीत जालन्यापासून फार दूरची नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलली जाते. १९०६ च्या चौथ्या खंडात कोनौ यांनीच तिचा परामर्श घेतला, आणि ती मूळची कोरकूसारखी मुंडा भाषा असून पुढे द्रविड व नंतर आर्य भाषांच्या प्रभावाने मिश्र झाली, असा अभिप्राय दिला. चिनी-तिबेटीचे अभ्यासक रॉबर्ट शेफर यांनी पुढे याच सामग्रीचे पुनर्परीक्षण करून तिच्यात स्वतंत्र भाषेचे अवशेष असल्याचे सांगितले. सुधीभूषण भट्टाचार्य यांच्या १९५७ च्या क्षेत्रीय टिपणांवर आधारलेल्या एफ. बी. जे. कॉयपर यांच्या १९६२ च्या प्रबंधाने तिचा सुमारे चतुर्थांश शब्दसंग्रह कोणत्याही ज्ञात कुलाशी जुळत नसल्याचे दाखविले. स्वतंत्र व्याकरणग्रंथ मात्र नागराज यांच्या हातून २०१४ मध्ये निघाला. भाषा बोलणारे लोक काही हजारांच्या आत असताना, पहिल्या अभिप्रायापासून व्याकरणापर्यंत एक शतक लोटले.

या सर्वांतून पदव्युत्तर अभ्यासकाने घ्यावयाचा धडा अगदी व्यावहारिक आहे. बोलीची नोंद करताना वाक्ये कशी विचारली जातात यावर निष्कर्ष अवलंबून असतो. एखाद्या स्त्रीला उद्देशून 'तू भाकरी खाल्लीस' असे वाक्य मिळाले, तर त्यावरून काहीच ठरत नाही. कारण ग्रांथिक संकरप्रयोगातही हेच रूप, आणि कर्त्याला अनुसरणाऱ्या दक्षिण-पूर्वेकडील प्रयोगातही हेच. कर्ता पुल्लिंगी व कर्म स्त्रीलिंगी, आणि त्याच्या उलट, अशी वाक्ये विचारल्यावरच तिन्ही व्यवस्था अलग होतात. मंठा, परतूर, घनसावंगी, जाफराबाद, भोकरदन या तालुक्यांतून अशा नेमक्या वाक्यांचा संग्रह गावोगाव झाल्यास 'स' कोठे टिकतो, कोठे गळतो आणि 'खाल्लो'ची सीमा कोठवर येते, हे नकाशावर दाखविता येईल. तसे झाल्यास सुसंवादाची व्यवस्था कशी घडते व कशी मोडते याचा एक तपासलेला नमुना हाती येईल, आणि लिखित इतिहास नसलेल्या हिमालयीन भाषांच्या तौलनिक विचारात तो वापरता येईल.

विद्यार्थ्याने लिहिलेले 'तू काय केलं' हे रूप अशुद्ध म्हणून खोडण्याची प्रथा सर्वत्र आहे. ग्रांथिक लेखनापुरती ती योग्य असेल. परंतु भाषाशास्त्राच्या वर्गात ते रूप खोडणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. कोनौ यांच्यापाशी पुरेसा पुरावा नव्हता, म्हणून त्यांची उपपत्ती पडली. ज्यांच्या कानावर तो रोज पडतो त्यांनी तो टिपून ठेवणे हे पुढील विवेचनाचे पहिले काम आहे.